टायगरफिश ओळखायचा कसा?

आफ्रिकेतल्या झांबेझी नदीत आणि करिबा जलाशयात चंदेरी अंगाचा एक शिकारी मासा सापडतो. हा टायगरफिश, शास्त्रीय नाव हायड्रोसायनस व्हिटाटस. तोंड मिटलेलं असतानाही त्याचे सुळ्यांसारखे दात बाहेर दिसतात आणि खवल्यांच्या ओळींवरून काळसर आडव्या रेघा डोक्याकडून शेपटीकडे जातात. पण दात आणि रेघा त्याच्या भाऊबंदांनाही असतात. म्हणून पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे असलेला काट्यांविना छोटासा मांसल पर पाहावा. व्हिटाटसमध्ये तो काळा असतो, तर नाईल आणि नायजर नद्यांतल्या फोर्स्काली या जातीत करडा. शिवाय व्हिटाटसच्या दुभंगलेल्या, पिवळ्या-तांबड्या शेपटीला काळी किनार असते.

मासा कुठे मिळाला हेही महत्त्वाचं. काँगो खोऱ्यातला आणि टांगानिका सरोवरातला गोलायथ टायगरफिश याच कुळातला, पण सर्वांत मोठा. त्याचं वजन ५० किलोपर्यंत भरतं.

व्हिटाटसची चपळाई पाहायची तर दक्षिण आफ्रिकेतलं श्रोडा धरण आठवावं. तिथे हे मासे पाण्याबाहेर झेपावून उडत्या पाकोळ्या पकडतात, अशी नोंद संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.