तेलाआधीचे धनिक : कुवेतची व्यापारी घराणी आणि वसईचा किनारा

अरबी आखातातील श्रीमंतीचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तेलाची विहीर आणि तिचा मालक असलेला शेख उभा राहतो. परंतु कुवेतच्या बाबतीत हे चित्र अपुरे आहे, कारण तेथील तेल राज्याच्या मालकीचे असून अल-घानिम, अल-खराफी, अल-सगर यांसारख्या घराण्यांची संपत्ती जहाजे, मोती, जमिनी, परदेशी मालाच्या एजन्सी आणि बांधकामाचे ठेके यांतून उभी राहिलेली आहे. या संपत्तीचा मुंबईच्या बाजारपेठेशी जुना संबंध आहे आणि वसई तालुक्यातून आखातात नोकरीस गेलेल्या पिढ्यांचे कष्टही तिच्यात मिसळलेले आहेत. म्हणूनच वसईतील पापडीसारख्या गावातून या इतिहासाकडे पाहिले असता त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी कुवेतचे मुख्य उत्पन्न मोत्यांचे होते. उन्हाळ्याच्या सुमारे चार महिन्यांत पाणबुडे समुद्रात उतरत, आणि हंगामापूर्वी घरखर्चासाठी नाखव्याकडून, म्हणजे गलबताच्या प्रमुखाकडून, उचल घेत. नाखवा स्वतः मोत्यांच्या व्यापाऱ्याचा देणेकरी असे, आणि पाणबुड्याची उचल फिटली नाही तर ती त्याच्या मुलांच्या माथी येई. काढलेले मोती मुंबईस येत, तेथे चाळणीने त्यांची प्रतवारी होई, त्यांना भोके पाडून सर ओवले जात आणि मग ते पॅरिसकडे रवाना होत. कुवेतची गलबते बसऱ्याचा खजूर घेऊन भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत आणि तांदूळ, साखर, कापड, सागवान घेऊन परतत. अनेक अरब व्यापाऱ्यांनी मुंबईत पेढ्या थाटल्या होत्या. त्यांतील जेद्दाचे मोतीव्यापारी मोहम्मद अली झैनल अलीरझा यांनी 1905 मध्ये जेद्दा येथे ‘अल-फलाह’ ही शाळा सुरू केली, पुढे मुंबईतही शिक्षणाचे काम केले आणि 1969 मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले.

कुवेतच्या व्यापाऱ्यांचे बळ किती होते, याचा पुरावा 1910 च्या सुमारास मिळाला. कुवेतचा राज्यकर्ता शेख मुबारक याने मोत्यांच्या धंद्यावर करांचा बोजा वाढवला, तेव्हा हिलाल अल-मुतैरी आणि त्याचे सहकारी व्यापारी कुवेत सोडून बहरीनच्या बाजूस निघून गेले, आणि त्यांनी परत यावे म्हणून राज्यकर्त्याला त्यांची मनधरणी करावी लागली. 1921 मध्ये हमद अल-सगर याच्या अध्यक्षतेखाली बारा जणांचे सल्लागार मंडळ बसले. 1938 मध्ये व्यापाऱ्यांनी निवडून आणलेले कायदेमंडळही स्थापन झाले, परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस ते बरखास्त करण्यात आले. बुरगान येथे तेल सापडले तेही 1938 मध्येच. राज्याला व्यापाऱ्यांच्या जकातीची गरज उरणार नाही, असे उत्पन्न जमिनीखाली सापडावे आणि त्याच वर्षी व्यापाऱ्यांचे मंडळ मोडावे, हा कुवेतच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक योग म्हटला पाहिजे.

जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि 1929 नंतरच्या मंदीने मोत्यांचा धंदा तोपर्यंत बुडालाच होता. तेलाची पहिली निर्यात 1946 मध्ये झाली, आणि त्यानंतर राज्यकर्ते व व्यापारी यांच्यात एक अलिखित तडजोड घडत गेली, जिचे विवेचन अमेरिकन अभ्यासक जिल क्रिस्टल यांनी केले आहे : व्यापाऱ्यांनी राजकीय हक्कांचा आग्रह सोडला आणि राज्यकर्त्यांनी त्यांना संपत्तीची वाट मोकळी करून दिली. पहिली वाट जमिनीची होती. 1950 च्या दशकापासून सरकारने जुन्या शहरातील जागा चढ्या भावाने विकत घेतल्या आणि त्या पैशांतून नवे भांडवल उभे राहिले. दुसरी वाट 1960 च्या कंपनी कायद्याने खुली केली, कारण त्यानुसार कंपनीत किमान 51 टक्के वाटा कुवेती नागरिकांचा असणे बंधनकारक ठरले आणि परदेशी उद्योगाला स्थानिक भागीदाराशिवाय उभे राहणे अशक्य झाले. खराफी घराणे याच काळात बांधकामाच्या ठेक्यांतून वाढले. ते ज्या झैन या दूरसंचार कंपनीचे मोठे भागधारक होते, तिचा आफ्रिकेतील बहुतांश व्यवसाय 2010 मध्ये भारती एअरटेलने 10.7 अब्ज डॉलरना घेतला.

भारताशी असलेले नाते चलनातही दिसे : कुवेतमध्ये 1961 पर्यंत भारतीय रुपयाच चालत होता. 1959 नंतर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि दिनार आला तेव्हा त्याचा भाव 13⅓ रुपये ठरला. पुढील दोन दशकांत माणसांचा प्रवाह उलटला. पूर्वी कुवेतचा व्यापारी मुंबईत येत असे. 1973 च्या तेल-भाववाढीनंतर वसईचा फिटर, वेल्डर, कारकून आणि ड्रायव्हर कुवेत, सौदी आणि दुबईकडे निघाला. तेथे त्याचा परवाना ‘कफील’ म्हणजे जामीनदार मालकाशी बांधलेला असे, त्यामुळे मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलणे अवघड असे, आणि एजंटला द्यायच्या रकमेसाठी पुष्कळांनी निघण्यापूर्वीच कर्ज काढलेले असे. पाणबुड्याची उचल आणि या नोकरदाराचे कर्ज यांची बांधणी एकच आहे. 1918 मध्ये पतसंस्था म्हणून स्थापन झालेली आणि आज पापडीत मुख्यालय असलेली बसीन कॅथॉलिक बँक गावकऱ्यांना सावकारावाचून कर्ज मिळावे या सहकारी विचारातून उभी राहिली, तेव्हा कुवेतमध्ये मात्र पाणबुड्यांची पिढीजात देणी चालूच होती, ही तुलना वसईकरांनी मनावर घ्यावी अशी आहे.

नोकरीच्या या नात्यातील धोका दोन प्रसंगी उघड झाला. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत व्यापले, तेव्हा सुमारे 1.7 लाख भारतीयांना मुख्यतः अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले आणि अनेकांची आयुष्यभराची बचत तिथेच राहिली. 12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगाफ येथील कामगारांच्या निवासी इमारतीस आग लागून चाळीसहून अधिक भारतीयांचा मृत्यू झाला. तेलाच्या उत्पन्नाचा काही भाग भावी पिढ्यांसाठी राखणारा निधी कुवेतने 1976 मध्येच स्थापन केला, हे दूरदर्शीपण नाकारता येत नाही; परंतु ज्यांच्या श्रमावर ते शहर उभे आहे, त्यांच्या भविष्याची तरतूद त्या निधीत नाही.

कुवेतच्या धनिकांची चरित्रे अरबीत आणि इंग्रजीत लिहिली गेली, पण त्यांच्या कंपन्यांत, गोदामांत आणि घरांत राबलेल्या वसईकरांचा इतिहास अजून फारसा कागदावर आलेला नाही. पहिल्या पिढीतले लोक आता वृद्ध झाले आहेत. त्यांची करारपत्रे, जुने पासपोर्ट, घरी पाठवलेली पत्रे आणि पगाराच्या पावत्या पापडी, होळी, सांडोर, आगाशी येथील घरांत अद्याप आहेत, तोवरच वसईच्या वाचनालयांनी, चर्चच्या धर्मग्रामांनी आणि महाविद्यालयांनी ते सारे कागद गोळा करून त्यांचे दप्तर तयार करावे.