लव्हबर्ड पाळण्यापूर्वी

लव्हबर्ड हा मूळचा आफ्रिकेतील छोटा पोपट होय. आपल्याकडील रानपोपट पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. लव्हबर्ड पाळता येतो. मात्र २०२२ च्या दुरुस्तीनुसार त्याच्या बहुतेक जातींची नोंदणी आवश्यक आहे.

ग्वाल्हेर येथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून पिंजरा हवेशीर सावलीत ठेवावा व पाणी दिवसातून दोनदा बदलावे. हिवाळ्यात गार वारा टाळावा. राळे, बाजरी, कोथिंबीर, गाजर द्यावे. चॉकलेट कदापि देऊ नये. पिसे फुगवून पक्षी निपचित बसल्यास पशुवैद्यकास तत्काळ दाखवावे.

कंटाळून पक्षी आकाशात सोडणे ही भूतदया नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला जीव बाहेर सहसा तग धरत नाही. दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी ज्यास पेलेल, त्यानेच तो आणावा.