वाळूवरची चारचाकी घोडी निवडताना

दुबई, शारजा, मस्कत, दोहा ही नावं आता आपल्याकडे पुण्या-नाशिकाइतकी घरगुती झाली आहेत. कुणाचा दीर तिकडे नोकरीला, कुणाची नणंद संसार थाटून बसलेली, तर कुणी स्वतःच दोन मुलांना घेऊन तिकडे बिऱ्हाड केलेलं. थंडी सुरू झाली की तिकडच्या कुटुंबांना वाळवंटाचे वेध लागतात. दुबईहून हत्ताकडे जाताना लागणारं ते ‘बिग रेड’ नावाचं तांबूस वाळूचं टेकाड, लाहबाबचा परिसर, ओमानमधली वहिबाची वाळू, कतारमधला सीलाइनचा किनारा, अशा ठिकाणी सुट्टीच्या दिवशी जत्रा भरते. आणि त्या जत्रेत घरच्या पुरुषांच्या आणि मुलांच्या नजरा एकाच गोष्टीवर खिळतात. ती म्हणजे क्वाड बाइक!

मग घरी बोलणी सुरू होतात. किती सीसी, कुठला गिअर, कुठली कंपनी. आपण चहा आणून द्यायचा आणि शेवटी ‘किती पैसे झाले?’ एवढंच विचारायचं. पण भगिनींनो, तांदूळ घेताना आपण दाणा चावून पाहतो, साडी घेताना पदर उलटा करून पोत बघतो. मग घरातली माणसं ज्यावर बसून वाळूचे डोंगर चढणार, ती वस्तू न पाहता कशी येऊ द्यायची? आणि आपल्यापैकी कितीजणींना ती स्वतःलाही चालवायची असते! इटलीच्या कामेलिया लिपारोती या बाईंनी डाकारच्या अवघड शर्यतीत क्वाडवरून वर्षानुवर्षं भाग घेतला. तेव्हा हे काही केवळ पुरुषांचं खातं नव्हे.

तीन चाकांची चार कशी झाली?

१९७० साली होंडा कंपनीनं अमेरिकेत फुग्यासारख्या टायरांची एक तीनचाकी आणली. वाळूवर, बर्फावर ती मजेत पळे. पण वळताना तीन चाकांचा तोल जाई आणि ती कलंडे. अपघात फार झाले, मुलं जखमी झाली, दगावली. १९८२ साली सुझुकीनं चारचाकी बाजारात आणली होतीच. पुढे १९८८ साली अमेरिकेत सरकार आणि कंपन्या यांच्यात करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. तेव्हा कुणी ‘जुनी, स्वस्तातली तीनचाकी आहे’ म्हणून गळ्यात मारू पाहिलं, तर सरळ नको म्हणावं.

चार चाकं आली म्हणजे उलटायची भीती गेली, असं मात्र नाही. मोटारीला छप्पर असतं, पट्टा असतो. इथे काहीच नाही. गाडी उलटली तर पावणेदोनशे-दोनशे किलोचं ओझं अंगावर येतं. पुढचा सगळा विचार याच एका गोष्टीभोवती करायचा.

कामाची क्वाड आणि खेळाची क्वाड

दुकानात दोन जातींच्या क्वाड दिसतील. एक शेतावरच्या कामाची. पुढेमागे सामान ठेवायच्या जाळ्या, चारही चाकांना जोर, गिअर आपोआप पडणारे. ती दणकट असते, पण जड. पुष्कळदा तीनशे किलोंच्याही वर जाते. दुसरी खेळाची, म्हणजे ‘स्पोर्ट’. अंगानं सडपातळ, जाळ्या नाहीत, जोर फक्त मागच्या चाकांना आणि तोही साखळीनं. गिअर पायानं टाकायचे, क्लच डाव्या हाताशी. चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा, म्हणजे खड्डा आला तरी कमरेला हिसका कमी.

वाळूवर वजन हा मोठा शत्रू. जड गाडी रुतते, हलकी तरंगत जाते. म्हणून टेकाडांसाठी स्पोर्ट जातच बरी. चारही चाकांना जोर नाही म्हणून कमीपणा मानायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. स्पोर्ट क्वाड एकाच माणसाची असते. तिची बैठक लांब दिसते म्हणून आपण मागे बसतो, धाकट्याला पुढ्यात घेतो. ती लांबी दुसऱ्या माणसासाठी नसते, चालवणाऱ्याला चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावं म्हणून असते. मागे कुणी बसलं की तोल सांभाळायची ती जागाच संपते.

इंजिन किती मोठं घ्यावं?

इथे घरोघरी वाद होतो. दुकानदार म्हणतो, वाळूला ताकद लागते, मोठीच घ्या. त्यात तथ्य आहे. मऊ वाळू चाकं धरून ठेवते, लहान इंजिन चढावर धापा टाकतं. पण ताकद लागते म्हणजे शिकाऊ माणसाला सर्वांत मोठी लागते, असं नाही.

साधारण अडीचशे सीसीची गाडी शिकायला चांगली. होंडाची टीआरएक्स २५० एक्स ही त्यातलीच. पाच गिअर, शिवाय रिव्हर्स. फार उंच टेकाडं ती चढणार नाही, पण चूकही पोटात घालते. मधल्या आकारात जुनी चारशे सीसीची होंडा आहे. ती १९९९ साली आली. आता नवी बनत नाही, पण वापरलेली मिळते आणि स्वभावानं समजूतदार आहे.

साडेचारशे सीसीच्या गाड्या, उदाहरणार्थ यामाहाची वायएफझेड ४५० आर, शर्यतीच्या घडणीच्या. इंजिन सतत चढ्या सुरात ठेवलं तरच त्यांची ताकद कळते. रिव्हर्स नाही, म्हणजे रुतली की उतरून ओढायची! हात बसलेल्या माणसाची ती गाडी. सातशेच्या घरातली यामाहा रॅप्टर २००६ साली आली. तिचं इंजिन ६८६ सीसीचं. संथ गतीतही तिचा ओढा जबरदस्त, रिव्हर्स आहे, त्यामुळे वाळवंटात ती लाडकी. पण अंगठा जरा जास्त दाबला गेला की पुढची चाकं हवेत जातात. घरात पहिलीच क्वाड येत असेल, तर ही नको. आधी एखादा हंगाम लहान गाडीवर काढावा.

अंगाला बसते का, ते पाहा

पोलकं दुसऱ्याच्या मापाचं आणत नाही, तशी गाडीही आणू नये. जो चालवणार त्यानंच दुकानात बसून पाहावी.

पाय पायदानावर ठेवून बसावं. मांड्या साधारण जमिनीला समांतर, गुडघे आरामात दुमडलेले हवेत. मग पायदानावर उभं राहावं. बैठक आणि अंग यांत तीन ते सहा इंच अंतर राहायला हवं. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवावं. शरीर ओढलं जाता कामा नये. ब्रेक आणि क्लचच्या कांड्यांपर्यंत बोटं सहज पोचतात का? आपले हात लहान असतात. कांडी जवळ आणता येते का, ते दुकानदाराला जरूर विचारावं.

स्कूटर चालवणाऱ्या बायकांना एक फरक जाणवेल. इथे मूठ पिळून रेस द्यायची नसते, उजव्या अंगठ्यानं खटका दाबायचा असतो. सुरुवातीला अंगठा भरून येतो. पण हात सुटला की खटका परत येतो, ही त्यातली सोय.

टायरची गंमत

शोरूममधून येणाऱ्या गाडीचे टायर मातीसाठी असतात. मऊ वाळूत ते खड्डा खणत बसतात. टेकाडांसाठी मागे ‘पॅडल’ टायर घालतात. गुळगुळीत रबर आणि त्यावर वल्ह्यासारख्या उभ्या पट्ट्या. होडीचं वल्हं पाणी मागे सारतं, तसे ते वाळू मागे सारतात. लहान इंजिनाला थोड्या पट्ट्यांचा हलका टायर हवा, नाहीतर इंजिन दमतं. पुढचे टायर गुळगुळीत, मधोमध एक धार असलेले घ्यावेत, म्हणजे वळताना वाळूत पकड मिळते. क्वाडच्या टायरात हवा अगदी कमी असते. स्कूटरच्या टायरात वीस-तीस पौंड भरतो, इथे चार-पाचाच्या आसपास. म्हणून हवा मोजायचं मापकही कमी आकड्यांचं घ्यावं. पॅडल टायर कडक रस्त्यावर चालवू नयेत, लवकर खराब होतात.

हा खर्च गाडीच्या किमतीत धरलेला नसतो, हे ध्यानात असू द्या.

घरी आल्यावरची निगा

पीठ चाळताना जसं सगळीकडे उडतं, तशी वाळवंटातली बारीक वाळू सगळीकडे शिरते. ती इंजिनात गेली तर इंजिन आतून घासून निघतं. तिला अडवतो तो एअर फिल्टर. स्पंजाचा फिल्टर प्रत्येक फेरीनंतर धुवावा, पूर्ण वाळवावा, त्याचं खास तेल लावून पिळून परत बसवावा. वरून कापडी टोपडं मिळतं, तेही घालावं. दुसरा एक तयार ठेवला की धुण्याची घाई होत नाही. साखळीला चिकट तेल चोपडलं की तिच्यावर वाळूचा थर बसतो, म्हणून कोरडं वंगण वापरावं.

टेकाडाची पाठ आणि मुख

वारा ज्या बाजूनं वाहतो ती बाजू सौम्य चढाची असते. माथ्यापलीकडची बाजू मात्र एकदम तुटलेली, तीस-चौतीस अंशांच्या उताराची आणि भुसभुशीत. खालून वर येणाऱ्याला ती दिसत नाही. बरेचसे अपघात इथेच होतात. माणूस जोरात वर येतो आणि पलीकडे जमीनच नसते, किंवा समोरून दुसरी गाडी येते.

म्हणून माथ्याशी वेग कमी करावा, तिरकं जावं, पलीकडचं पाहूनच उतरावं. गाडीला उंच लवचिक काठीवर झेंडा हवाच. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या टेकाडांवर जमिनीपासून आठ फुटांवर झेंडा सक्तीचा आहे. तो शोभेसाठी नसतो, माथ्यापलीकडच्या माणसाला तुम्ही येताय हे आधी कळावं म्हणून असतो. भर दुपारी सावल्या नसल्यानं वाळूचे खळगे दिसतच नाहीत. सकाळ आणि उतरती उन्हं हीच खरी वेळ. एकट्यानं कधीच जाऊ नये. पाणी प्रत्येकाजवळ वेगळं असावं.

आई, मला पण!

आता सर्वांत नाजूक विषय. मोठ्यांची क्वाड सोळा वर्षांखालच्या मुलानं चालवू नये, हे कंपन्याच गाडीवर लिहितात. मुलांसाठी वेगळ्या लहान गाड्या येतात आणि त्यांवर वयाचा शिक्का असतो. सहावर्षीयाची वेगळी, दहा-बारा वर्षांच्या मुलाची वेगळी. त्यांत वेग बांधून ठेवायचा स्क्रू असतो आणि बऱ्याच गाड्यांत मनगटाला अडकवायची दोरी असते. मूल पडलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत तर याहून कडक आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांनी क्वाड चालवूच नये, असं ती सांगते.

‘उंच आहे, जमेल त्याला’ असं घरात म्हटलं जातं. पण उंची वाढली म्हणून अंदाज वाढत नाही. गाडी कलंडू लागली की अंगाचा भार दुसऱ्या बाजूला टाकायला बळ लागतं आणि प्रसंगावधान लागतं. ‘सगळे मित्र चालवतात’ या हट्टापुढे आईनं ‘नाही’ म्हटलं, तर तासभर रुसवा राहील. तेवढा सोसावा. आणि वडिलांच्या पुढ्यात बसवून फिरवून आणणं हा मधला मार्ग नव्हे, हे वर सांगितलंच आहे.

पोशाख

साडी, ओढणी, मोकळा स्टोल, सैल सलवार, काही चालणार नाही. मागे साखळी आणि आस उघडे फिरत असतात. वेणी शर्टाच्या आत, मंगळसूत्र आत किंवा घरी. हनुवटीसकट चेहरा झाकणारं हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, हातमोजे, लांब बाह्या, जाड पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट. हेल्मेट प्रत्येकाच्या मापाचं वेगळं घ्यावं. ‘एकात दोघं भागवू’ ही काटकसर इथे नको.

जुनी घेत असाल तर

नव्या मोठ्या गाडीच्या किमतीत वापरलेली बरी मोटार येईल, म्हणून पुष्कळजण जुनी शोधतात. वाईट नाही, पण पाहून घ्यावी. एअर फिल्टर काढायला लावा आणि मागच्या नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला वाळू लागली तर इंजिनानं वाळू खाल्लेली आहे. तिथूनच नमस्कार करावा. चाक धरून हलवा, खडखडायला नको. मागची बाजू उचलून चाकं फिरवा, लटपटली तर आस वाकलेली समजा. साखळीच्या चक्राचे दात माशाच्या परासारखे वाकले असतील तर ते बदलायचा खर्च आहे. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. निळसर धूर आला तर ते तेल जाळतंय. तुम्ही पोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर पुन्हा कधी येऊ म्हणावं.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

चार दिवसांच्या सहलीला जाणाऱ्या मैत्रिणींना क्वाड विकत घ्यायची नसते, ती तासाच्या भाड्यानं मिळते. तिथे गिअरशिवायची लहान गाडी मागावी. हेल्मेट मापाचं नसेल तर बदलून घ्यावं. मोडतोड झाली तर किती भरायचं आणि विमा कुणाचा, हे बसण्यापूर्वीच विचारावं. तिकडे सार्वजनिक रस्त्यावर क्वाड न्यायला मनाई आहे.

आणि आपल्या कोकणकिनाऱ्यावरही या गाड्या पळताना दिसतात. तिथल्या मर्यादवेलीनं बांधलेल्या वाळूच्या टेकड्यांवर मात्र कृपा करून चढू नका. किनारा नियमनाच्या नियमांत त्या संवेदनशील धरलेल्या आहेत. वेळास, आंजर्ल्यासारख्या गावांत त्याच वाळूत कासविणी अंडी घालतात.

पैसे मोजण्यापूर्वी सहा प्रश्न

१. चालवणार कोण, आणि त्याला ती अंगाला बसते का?
२. पहिलीच गाडी असेल तर इंजिन गरजेपेक्षा मोठं नाही ना?
३. रिव्हर्स आहे का?
४. टायर, झेंडा, हेल्मेट, बूट धरून एकूण किती?
५. ठेवायची कुठे, आणि वाळवंटापर्यंत न्यायची कशावर?
६. घरातल्या मुलांच्या हाती किल्ली लागणार नाही, अशी ती कुठे राहील?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत गाडी दुकानातच राहू द्यावी. मिळालं की मग किल्ली आपल्या डब्यात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी!