मनगटी घड्याळाचें वय

गेल्या पावसाळ्यांत आरमोरीचे माझे एक स्नेही आपल्या कैलासवासी वडिलांचें मनगटी घड्याळ घेऊन चंद्रपुरास माझ्याकडे आले. घड्याळ सीको कंपनीचें, क्वार्ट्झ जातीचें, आणि बंद पडलेलें. वडील शिक्षक, निवृत्तीच्या वेळीं गांवकऱ्यांनीं वर्गणी करून तें त्यांना अर्पण केलें होतें. पुढें एकदां दुरुस्तीहून आल्यावर तें वारंवार बंद पडूं लागलें. दुरुस्त करणारानें आंतलें यंत्र बदललें, असा संशय स्नेह्यांनीं तेव्हांपासून मनांत धरला होता. निवृत्तीच्या सालाविषयींही घरांत एकमत नव्हतें.

प्रथम जात ओळखावी. किल्लीच्या घड्याळांत सेकंदाचा काटा बारीक ठोक्यांनीं सरकत जातो. क्वार्ट्झमध्यें तो बहुधा सेकंदास एक उडी मारतो. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटीच, पण शुद्ध स्फटिकरूप. सेलच्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें तिचा चिमट्यासारखा इवलासा तुकडा सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. ती १५ वेळां निम्मी केली कीं बरोबर १ उरतो, आणि तोच काट्याचा एक ठोका! हें गणित वर्गांत सांगावयास मिळालें असतें तर किती बहार झाली असती.

आतां वय. सीकोच्या पाठीवरील झांकणावर सामान्यतः सहा स्थानांचा अनुक्रमांक असतो. त्यांतील पहिला आंकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. दुसरें चिन्ह महिन्याचें: सप्टेंबरपर्यंत १ ते ९, ऑक्टोबरास शून्य किंवा ओ, नोव्हेंबरास एन, डिसेंबरास डी. स्नेह्यांच्या घड्याळावर १ आणि एन होतें. महिना नोव्हेंबर ठरला. परंतु साल १९७१, १९८१ कीं १९९१? दशक कोणतें, हें हा अनुक्रमांक सांगत नाहीं. त्यासाठीं दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. जगांतील पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सीकोनेंच २५ डिसेंबर १९६९ रोजीं टोकियोंत विक्रीस काढलें. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तिकडच्या एका मोटारीएवढी. तेव्हां १९७१ सालीं धानपट्ट्यांतील गांवकऱ्यांच्या वर्गणींतून तें येणें शक्यच नव्हतें. उरलेला प्रश्न झांकणावर कोरलेल्या अक्षरांनीं सोडविला: 'आरमोरी, जि. चंद्रपूर'. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला आणि आरमोरी त्यांत गेली. जुनें नांव लोक सवयीनें कांहीं काळ लिहितात हें खरें. पण नऊ वर्षांनंतर मानाच्या भेटीवर तें कोणी कोरील, असें मला वाटत नाहीं. म्हणून नोव्हेंबर १९८१ हेंच साल धरावें, आणि निवृत्ति त्यानंतर थोडक्याच काळांत. (टायटनच्या बाबतींत एक सोपी खूण आहे: तीं घड्याळें १९८७ सालीं बाजारांत आलीं, त्याआधींचें टायटन कोणी दाखविल्यास हंसावें.)

परंतु झांकण म्हणजे घड्याळ नव्हे. झांकणावर दुसराही एक क्रमांक असतो. त्याचे पहिले चार आंकडे यंत्राची जात सांगतात. तेच यंत्रावर आणि तबकडीच्या तळाशीं अतिसूक्ष्म अक्षरांत असावयास पाहिजेत. भिंगांतून पाहिलें, तिन्ही ठिकाणीं जुळले. यावरून यंत्र त्याच जातीचें ठरतें, तेंच ठरत नाहीं, हें मीं स्नेह्यांना स्पष्ट सांगितलें. मात्र सेलखालच्या पट्टीवर पांढरट-हिरवट थर चढलेला होता. जुना सेल पाझरला कीं असें होतें आणि घड्याळ अडखळूं लागतें. बंद घड्याळांत सेल म्हणूनच राहूं देऊं नये.

झांकणाच्या आंतल्या बाजूस सेल बदलल्याच्या पांच तारखा बारीक टोंकानें कोरलेल्या होत्या. जुन्या कारागिरांची ही रीत. सर्वांचें अक्षर एकच. शेवटची तारीख स्नेह्यांच्या वडिलांच्या निधनापूर्वीं दोनच महिन्यांची होती. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याच्याकडेच वडील अखेरपर्यंत जात राहिले होते. स्नेही बराच वेळ भिंग डोळ्याशीं धरून बसले.

थर पुसून नवा सेल घातला. घड्याळ चाललें नाहीं. नवें यंत्र बसवावें काय, असें त्यांनीं विचारलें. मीं नको म्हटलें.