मुक्त विश्वकोश आणि नोंदीचा अधिकार

विश्वकोशात कोणाची नोंद होते आणि कोणाची राहून जाते, हा प्रश्न वरकरणी संपादकीय व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो सामाजिक प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडिया या मुक्त विश्वकोशाने लेखनाचा अधिकार सर्वांस खुला केला. तेथे पदवीची अट नाही आणि संपादकांस वेतनही नाही. तरीसुद्धा उपेक्षितांची उपेक्षा तेथे आपोआप संपुष्टात आली नाही. याची कारणमीमांसा एका संशोधिकेच्या कार्याच्या आधारे आम्ही येथे करीत आहोत.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील भौतिकशास्त्रज्ञ डॉ. जेस वेड यांच्या संशोधनाचा विषय प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थ हा होय. २०१८ च्या आरंभापासून त्यांनी विज्ञानक्षेत्रातील स्त्रिया व कृष्णवर्णीय संशोधक यांच्या चरित्रनोंदी लिहिण्याचा नेम धरला. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ किम कॉब यांच्यापासून प्रारंभ झालेल्या या नोंदींची संख्या पुढे एक हजाराच्या पलीकडे गेली. २०१९ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल देण्यात आले. हे कार्य एकाकी नव्हते. २०१५ मध्ये ‘विमेन इन रेड’ हा प्रकल्प सुरू झाला होता. ज्या नावावर लेख नाही त्याचा दुवा तांबड्या अक्षरांत दिसतो. त्यावरून हे नाव पडले. त्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रांपैकी जेमतेम १५ टक्के चरित्रे स्त्रियांची होती. पुढे हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

अडथळा नेमका कोठे आहे? तटस्थता, पडताळणी आणि स्वतःचे नवे संशोधन न मांडणे, ही या विश्वकोशाची मूलतत्त्वे आहेत. व्यक्तीविषयी स्वतंत्र व विश्वसनीय प्रकाशित साधने असतील, तरच ती ‘उल्लेखनीय’ ठरते. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा पुरेशा साधनांअभावी मे २०१८ मध्ये नाकारला गेला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ११७ व्या मूलद्रव्याच्या शोधकार्यात सहभागी असलेल्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ क्लॅरिस फेल्प्स यांच्यावर वेड यांनी लिहिलेली नोंद २०१९ मध्ये वगळली गेली; नवी साधने उपलब्ध झाल्यावर २०२० मध्ये ती पुन्हा घेण्यात आली.

या उदाहरणांवरून नियमच दुष्ट आहे, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. पुराव्याची अट काढली, तर विश्वकोश स्तुतिपाठकांचा अड्डा बनेल. परंतु हा नियम मुद्रित शब्दावर विसंबतो, आणि मुद्रणाची साधने ज्यांच्या हाती असतात त्यांचाच शब्द प्रथम छापला जातो. म्हणजे पक्षपात विश्वकोशाच्या दारात जन्मत नाही. तो वृत्तपत्रे, विद्यापीठे व पुरस्कार समित्या यांच्यामार्फत तेथवर पोहोचतो.

हे सत्य आपल्या वाचकांस नवे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, त्यामागे स्वतःच्या मुद्रित शब्दाची हीच निकड होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून उपलब्ध आहे. त्यात आपल्या शाहिरांच्या, शिक्षकांच्या व महिला कार्यकर्त्यांच्या नोंदी व्हाव्यात असे वाटत असेल, तर केवळ आदरभाव पुरेसा नाही. आप्तांनी लिहिलेला गौरवग्रंथ स्वतंत्र साधन ठरत नाही; मात्र त्रयस्थ अभ्यासकाचा लेख, नियतकालिकातील वृत्तान्त, संशोधनप्रबंध ही साधने ग्राह्य ठरू शकतात. म्हणून जुने अंक जपावेत, प्रत्येक स्मरणिकेवर प्रकाशकाचे नाव, स्थळ व तारीख छापावी, आणि एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी. साधने टिकली, तर नोंद करणारा हात आज ना उद्या पुढे येईल. साधनेच नष्ट झाली, तर वेड यांच्यासारख्या निष्ठावंत संपादकासही काही करता येणार नाही.