आवाज वाचवणारी मुलं

मुलांनो, टीव्हीवरचं काही बघताना भीतीनं सोफ्यामागे लपायचं, पण टीव्ही मात्र कुणाला बंद करू द्यायचा नाही, असं तुम्ही कधी केलंय? इंग्लंडमधली मुलं शनिवारी संध्याकाळी अगदी असंच करत. मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ती सुरू झाली. पहिल्या गोष्टीचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा, आणि वय तेव्हा अवघं २४!

यातला डॉक्टर इंजेक्शन देणारा नव्हे बरं का! तो परग्रहावरचा प्रवासी. पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून तो भूतकाळात नि भविष्यकाळात फिरतो. खोकं बाहेरून टेलिफोन बूथएवढं, आत मात्र भलंमोठं. ते निघताना जो घरघराट होतो ना, तो कसा केला ठाऊक आहे? जुन्या पियानोच्या तारांवर दाराची किल्ली घासून!

१९६६ मध्ये डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल आजारपणामुळे थकले. मग मालिका बंद? छे! डॉक्टर मरत नाही, त्याचं रूप पालटतं, अशी युक्ती निघाली आणि पॅट्रिक ट्रॉटन नवे डॉक्टर झाले.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या काळी चित्रफिती फार महाग. म्हणून बीबीसीनं जुने भाग पुसून त्याच फितींवर दुसरे कार्यक्रम घेतले. नव्वदहून अधिक भाग असे नाहीसे झाले. घरोघरी व्हिडिओ नव्हताच. मात्र काही शाळकरी आणि तरुण चाहते टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डरचा माईक धरून बसत. (मध्येच आईनं जेवायला हाक मारली, की तीही टेपमध्ये!) कुणी तर टीव्हीलाच वायर जोडली. पुन्हा ऐकता यावं, एवढाच त्यांचा हेतू. पालकहो, तेव्हा कितीतरी घरांत 'हे काय खूळ' म्हणून बोलणी बसली असतील.

त्या टेपांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. चित्रं मात्र अधूनमधूनच सापडतात. २०१३ मध्ये नऊ भाग मिळाले, ते थेट आफ्रिकेतल्या नायजेरियात! ट्रॉटन यांच्या पहिल्याच गोष्टीचे सहाही भाग गेलेले. २०१६ मध्ये घरी टेप केलेल्या आवाजावर नवी कार्टूनचित्रं बेतून ती गोष्ट पुन्हा उभी केली.

तुमच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेट आहेत का? त्यांवर काय आहे, आजोबांना विचारून बघा.