एक प्रत, अनेक वाटा

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरी एक खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. प्रक्षेपक अवघा ३० वॉटचा होता. केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे १९५७ मध्ये सरकारी नभोवाणीने स्वीकारले. नभोवाणीचा एक गुण इतका सवयीचा झाला आहे की त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ऐकणारी घरे दहा असोत वा दहा हजार, प्रक्षेपकाचे काम तसूभरही वाढत नाही.

तारांनी जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यात ही सोय आपोआप मिळत नाही. तेथे मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागला जातो व प्रत्येक पॅकेटावर सामान्यतः एकाच यंत्राचा पत्ता असतो. म्हैसूरचा तोच कार्यक्रम तारेने पाठवावयाचा आहे आणि बंगळूरमध्ये त्याचे शंभर श्रोते आहेत, अशी कल्पना करावी. एकाच भाषणाच्या शंभर प्रती एकाच तारेवरून एकापाठोपाठ धावू लागतील. याउलट प्रत्येक दारी प्रत टाकावी, तर ज्यांना ती नको आहे त्यांचीही तार अडते. यातून मार्ग असा की म्हैसूरहून एकच प्रत निघावी आणि जेथे वाट फुटते तेथेच तिच्या दोन व्हाव्यात. यालाच मल्टिकास्ट म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डिअरिंग यांनी ही पद्धत इंटरनेटसाठी मांडली आणि १९८९ मध्ये तिचे प्रमाण रूप प्रसिद्ध झाले. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते तीत एका यंत्राचे नसून समूहाचे असतात. पाठविणाऱ्यास श्रोत्यांची यादी ठेवावी लागत नाही. ज्याला ऐकावयाचे आहे तो आपल्या नजीकच्या राउटरला तसे कळवितो.

तथापि राउटरला प्रती काढण्याची मुभा दिली की एक धोका उत्पन्न होतो. म्हैसूरहून बंगळूरला मंड्यावरून जाता येते, तसेच कनकपुऱ्यावरूनही. दोन्ही वाटांनी प्रती येऊन पोहोचल्या आणि बंगळूरने प्रत्येक प्रत उरलेल्या वाटेने पुढे लोटली, तर त्या फिरत राहतील, वाढत जातील आणि थोड्याच वेळात जाळे ठप्प होईल. यावरील तोडगा मोठा नामी आहे. पवईच्या आयआयटीतून १९७२ मध्ये पदवी घेतलेले योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ यांनी तो १९७८ मध्ये सर्वप्रक्षेपणासाठी मांडला होता. पॅकेट कोठे जावयाचे आहे, असा प्रश्न राउटर नेहमी विचारतो. येथे त्याने ते कोठून आले, हे पाहावयाचे. म्हैसूरला परत जाण्याची बंगळूरची जवळची वाट मंड्याची असेल, तर मंड्याकडून आलेलीच प्रत स्वीकारावी आणि कनकपुऱ्याकडून आलेली मुकाट्याने टाकून द्यावी.

राउटरमध्ये हे काम कोणी करावयाचे? प्रत्येक पॅकेट कार्यप्रणालीच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून जाते. त्याच्यापाशी वेग असतो. परंतु मार्ग ठरविण्याचे नियम गुंतागुंतीचे असतात, शिवाय ते बदलतात. ते सारे कर्नेलमध्ये कोंबले, तर तेथील एखादी चूक संपूर्ण यंत्र बंद पाडू शकते. म्हणून बीएसडीमध्ये, व पुढे लिनक्समध्येही, कामाची वाटणी करण्यात आली. कर्नेलपाशी केवळ एक तक्ता राहतो. अमुक उगमाचे, अमुक समूहाचे पॅकेट कोणत्या दाराने यावे व कोणकोणत्या दारांनी बाहेर पडावे, एवढेच त्यात नोंदलेले असते. तक्ता भरण्याचे काम ‘एमराउटेड’सारख्या बाहेरच्या प्रोग्रॅमचे. नोंद नसलेले पॅकेट आले की कर्नेल ते बाजूस ठेवतो आणि प्रोग्रॅमला विचारतो. लिनक्समध्ये सुमारे दहा सेकंदांत उत्तर न आल्यास ते टाकून दिले जाते. टपाल छाटणाऱ्या कारकुनासारखाच हा प्रकार आहे. खण कोणी आखले याची तो चौकशी करीत नाही.

हे दार म्हणजे खरी तारच असली पाहिजे, असेही नाही. मल्टिकास्टचे पॅकेट साध्या पॅकेटाच्या पोटात घालून दूरच्या राउटरकडे पाठविता येते. या युक्तीमुळेच पुढचा इतिहास घडला. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक राउटरांना मल्टिकास्ट ठाऊक नव्हते. कारखानदारांची वाट न पाहता संशोधकांनी सुधारित कर्नेल साध्या संगणकांवर बसविला व मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील एका तांत्रिक बैठकीचा आवाज २० ठिकाणी पोहोचविला. कर्नेल बदलणे हाती नसते, तर हे घडणे कठीणच होते.

सार्वजनिक इंटरनेटवर मात्र मल्टिकास्ट रुजले नाही. दुसऱ्याच्या श्रोत्यांसाठी आपल्या राउटरने श्रम का करावेत व त्याचे पैसे कोणी द्यावेत, हे सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांमध्ये ठरलेच नाही. क्रिकेटचा सामना इंटरनेटवरून आजही बहुधा प्रत्येक प्रेक्षकास स्वतंत्रपणे पाठविला जातो.

बंदिस्त जाळ्यांत ही पद्धत टिकून आहे आणि तेथे तिचा संबंध न्यायाशीही येतो. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात भावांची क्षणोक्षणीची माहिती पूर्वी दलालांच्या यंत्रांना एकामागून एक धाडली जाई. जो आधी जोडला गेला त्यास ती आधी मिळे. सेबीने २०१९ च्या आदेशात या रचनेतील असमानतेवर बोट ठेवले. बाजाराने २०१४ मध्येच मल्टिकास्टकडे वळण्यास प्रारंभ केला होता. अशा जाळ्यांत प्रती काढण्याचे काम कर्नेलऐवजी स्विचमधील मंडले करतात. पॅकेट एकच निघते व वाटा फुटतात तेथे त्याच्या प्रती होतात, त्यामुळे पाठविणाऱ्याच्या दारातली रांग उरत नाही.